निरोगी, नंबर अकरा

सोलापूर जिल्ह्यातल्या शाळा-कॉलेजांत बिभीषण लवटे हे नाव फारसं कुणाला ठाऊक नाही, पण ‘मायक्रोस्कोपवाले मामा’ म्हटलं की शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळे ओळखतात. गेली पस्तीस वर्षं तो हेच काम करत आलाय. फेब्रुवारी लागला आणि प्रॅक्टिकलच्या परीक्षा जवळ आल्या की त्याला घरी जेवायलाही सवड नसते. आज वैराग, उद्या करकंब, परवा श्रीपूर. वर्षभर कपाटात पडून भिंगांवर बुरशी धरलेली असते, चाकांचे दात झिजलेले असतात, आरशाचा पारा उडालेला असतो. बिभीषण खिडकीजवळचं टेबल मागून घेतो, रेक्झिनची बॅग उघडतो आणि एकेक यंत्र सुटं करून पुन्हा जुळवतो. मध्ये कुणी चहा आणून ठेवला तर तो निवून जातो.

तो मूळचा सांगोल्याकडचा. बाप मेंढरं घेऊन आठ-आठ महिने घराबाहेर असायचा. दहावीला दोन विषय राहिले आणि सतराव्या वर्षी बिभीषण सोलापुरात एका चष्म्याच्या दुकानात काचा घासायला लागला. दुकानाच्या मालकाकडं एकदा एका कॉलेजचे जुने मायक्रोस्कोप दुरुस्तीला आले. कुणालाच त्यातलं काही कळत नव्हतं, म्हणून ते बिभीषणच्या पुढ्यात आले. पहिला जुळवून झाल्यावर तपासायचा म्हणून त्यानं जेवणाच्या डब्यातल्या कच्च्या कांद्याचा पापुद्रा काचेवर ठेवला आणि डोळा लावला. विटा रचाव्यात तशा पेशी एकीला एक लागून बसलेल्या. मालकानं दोनदा हाक मारली तरी त्याला ऐकू गेली नाही.

पुढं त्यानं स्वतःचा एक नियमच करून घेतला. एखादे सर म्हणाले, की मामा, आत काहीतरी वेगळंच दिसतंय, तर तो सांगायचा, “जे दिसतंय ते खरं हाय का भिंगाची घाण हाय, हे पयलं बघायचं.” दहांतल्या नऊ वेळा घाणच निघायची. कुठं बुरशी, कुठं पापणीचा केस, कुठं वाळलेला तेलाचा थेंब. ती निघाली की त्याला बरं वाटायचं.

त्याची बायको विजयमाला करकंबची. विजापूर रोडच्या मागच्या बाजूला त्यांचं दोन खोल्यांचं घर. तिथं ती कडक भाकरी आणि शेंगाची चटणी करून दुकानांना द्यायची. भल्या पहाटे उठायची, मिसरी लावायची, तोंड धुऊन चूल पेटवायची आणि भाकरी थापता थापता बारीक आवाजात काहीतरी म्हणत राहायची. चटणी कुटून झाली की चिमूटभर जिभेवर ठेवून डोळे मिटायची. मीठ, तिखट, लसूण, सगळं तिला त्या एका चिमटीत कळायचं. मुलगा अभिमन्यू पुण्यात एका कंपनीत लागला होता. दोघांचं ठीक चाललं होतं.

शिवलीला त्यांच्या आयुष्यात आली ती एका काळ्या चकतीमुळं. ती अक्कलकोटची मुलगी. आईशी फोनवर कानडीत बोलायची, बाकी सगळ्यांशी मराठीत. शहरातल्या एका कॉलेजात तिचं पीएचडीचं काम चालू होतं. कॅन्सरच्या पेशी ओळखायला सोन्याचे अतिशय बारीक कण वापरायचे, असा तिचा विषय. त्यासाठी मायक्रोस्कोपला जो खास भाग लागतो तो परदेशातून यायचा होता आणि कागद वर्षभर नुसते इकडून तिकडं फिरत होते. कुणीतरी तिला लवटेमामांचं नाव सांगितलं.

बिभीषण गेला तेव्हा ती सोनंच बनवत होती. फ्लास्कमध्ये फिक्या पिवळ्या रंगाचं पाणी उकळत होतं. तिनं त्यात दुसऱ्या एका बाटलीतलं थोडंसं ओतलं. पाणी आधी काळपट झालं, मग जांभळं, आणि बघता बघता कोकमाच्या सरबतासारखं लालबुंद.

“हे सोनं?” बिभीषणनं विचारलं.

“हो मामा. इतकं बारीक केलं की सोनं पिवळं राहत नाही, लाल दिसतं.”

तिनं त्याला नीट समजावून सांगितलं. या कणांना ती एक असा पदार्थ चिकटवणार होती, जो कॅन्सरच्या पेशींना जाऊन घट्ट धरतो. त्या पेशींच्या अंगावर त्याला धरायच्या जागा फार असतात, निरोगी पेशींवर थोड्या. म्हणजे कण रोगी पेशींवर गर्दी करणार आणि निरोगी पेशींवरून धुऊन जाणार. पण ते दिसायला हवेत, तर समोरून येणारा प्रकाश अडवून फक्त बाजूचा तिरका प्रकाश काचेवर सोडायला हवा. मग बाकी सगळं काळं आणि चमकतं तेवढंच उजळ. अंधाऱ्या खोलीत कवाडाच्या फटीतून ऊन आलं की हवेतली धूळ दिसते, तसं, असं बिभीषणनं स्वतःशी जुळवून घेतलं आणि तिला म्हणाला, की मॅडम, एक पत्र्याची गोल चकती पाहिजे, काळी केलेली, बरोबर मधोमध बसणारी. बाकी काही नको.

बोलणं सोपं होतं. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका लेथवाल्याकडं त्यानं अकरा चकत्या कापून घेतल्या. कुठली मोठी व्हायची, कुठली सूतभर लहान. तीन आठवडे गेले. शेवटी एका दुपारी शिवलीलानं इस्पितळातून आणलेल्या रोगी पेशींची काच ठेवली, डोळा लावला आणि उठून बिभीषणला स्टूल दिलं. काळ्याभोर अंधारात पेशी उमटल्या होत्या आणि प्रत्येकीच्या कडेकडेनं पिवळे-केशरी ठिपके दाट लागले होते. मग तिनं निरोगी पेशींची काच ठेवली. नुसती राखाडी आकृती, कुठं एखादा चुकार ठिपका.

घरी येऊन त्यानं विजयमालेला सगळं रंगवून सांगितलं. तिनं भाकरी उलटता उलटता विचारलं, “मग ते सोनं माघारी काढून घेत्यात का?” त्या प्रश्नावर तो बराच वेळ हसत राहिला.

खरा घोळ झाला तो निरोगी माणसांचा. शिवलीलाला तुलनेसाठी वीस निरोगी माणसांच्या गालाच्या आतल्या पेशी हव्या होत्या. लहान ब्रश फिरवून खरवडायच्या, दुखत नाही, कागदावर सही द्यायची. तरी कॅन्सर हा शब्द ऐकला की लोक पाय मागं घ्यायचे. दहा जण झाले आणि गाडी अडकली. तेव्हा बिभीषण म्हणाला, की आमच्या घरातली येईल की, ती काय घाबरणारी नाही.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात विजयमाला कॉलेजात आली. सुताडी इरकल नेसून, शिवलीलासाठी कडक भाकरी आणि चटणी फडक्यात बांधून. शिवलीला समोर बसून कागदावरचे प्रश्न विचारत होती. वय, आजार, औषधं. मग तिनं विचारलं, “मामी, तंबाखू, गुटखा, सिगारेट असं काही?”

“न्हाय बाई. आपन कशाला खाऊ.”

ती खोटं बोलत नव्हती. तंबाखू खायचे ते गडी. मिसरी तंबाखू भाजूनच केलेली, पण ती दात घासायला, तिला कोण तंबाखू म्हणतं? तिची आई लावायची, सासू लावायची, धाकटी बहीण सोजरबाई लावते. बिभीषण दोन हातांच्या अंतरावर बसून स्क्रू पिळत होता. त्यानं प्रश्न ऐकला, उत्तरही ऐकलं आणि त्यालाही त्यात काही चुकलंय असं वाटलं नाही. शिवलीलानं ‘नाही’वर खूण केली. ब्रश फिरवताना उजव्या गालाला किंचित रक्त आलं. दाढेच्या मागं जरा खरखरीत आहे, असं शिवलीला म्हणाली, आणि चावून झालं असेल, असं विजयमाला म्हणाली. तिच्या पेशींच्या काचेवर चिठ्ठी लागली, निरोगी, नंबर अकरा.

दुसऱ्या दिवशी शिवलीलाचा फोन आला. आवाजात काळजी होती, की मामा, तुमच्या चकतीतून प्रकाश गळतोय बहुतेक, अकरा नंबर चमकतोय. बिभीषण हातातलं काम टाकून गेला. डोळा लावला. खरंच, पेशींच्या कडेनं पिवळे-केशरी ठिपके लागले होते. रोगी काचेएवढे दाट नव्हते, पण होते. त्यानं चकती काढली, पुसली, पुन्हा बसवली. तरी ठिपके तसेच. मग त्यानं चकती खिडकीच्या उजेडात धरली आणि त्याला दिसलं, की एका कडेला पत्र्याचा केसाएवढा काटा उठलाय.

“सापडलं,” तो म्हणाला. “माझीच चूक हाय मॅडम. कड नीट घासली न्हवती.”

शिवलीलाला हायसं वाटलं. कदाचित काच धुण्यातही आपलं कमी पडलं असेल, असंही ती म्हणाली. बिभीषणला तर मनातून बरंच वाटलं. दोष सापडला की त्याचं मन नेहमीच शांत व्हायचं. त्यानं चकती घरी आणली, चार दिवस घासूनपुसून नवीच केली. बसवली तेव्हा सगळं चोख होतं. बाराव्या नंबरची काच राखाडी दिसली, तेरावीही. अकरावी तोवर वाळून गेली होती. शिवलीलानं वहीत त्या ओळीपुढं लिहिलं, उपकरणात दोष, वगळला. आणि मामींना एकदा पुन्हा पाठवा, असं ती बिभीषणला म्हणाली.

तो व्हय म्हणाला. पण गड्ड्याच्या जत्रेचे दिवस होते, विजयमालेला भाकरीच्या ऑर्डरी उरकत नव्हत्या. मग प्रॅक्टिकलचा हंगाम आला आणि बिभीषण एसटीत बसला. मधल्या काळात शिवलीलाला दुसरी बाई मिळाली, वीसचा आकडा पुरा झाला. विजयमालेला परत कॉलेजात जायचं राहूनच गेलं. तशी ती अधूनमधून गल्लीत सांगायची, की औषधाच्या शोधासाठी माझ्या तोंडाचा फोटो काढलाय, निरोगी म्हणून.

गणपतीच्या सुमाराला बिभीषणच्या लक्षात आलं की ती चटणी चाखत नाही. शेजारच्या शांतम्माला हाक मारून तिच्या हातावर चिमूट ठेवायची आणि मीठ बघ म्हणायची. विचारलं तर म्हणाली, उष्णता झालीय, तोंडात आग होते. तिनं लोणी लावलं, तुरटीच्या गुळण्या केल्या. दसऱ्यापर्यंत ती भाकरी ताकात कुस्करून खायला लागली. मग जबड्याखाली सुपारीएवढी गाठ लागली, तेव्हा बिभीषणनं काही ऐकून घेतलं नाही आणि तिला इस्पितळात नेलं.

तपासणाऱ्या डॉक्टरीणबाई वयानं मोठ्या होत्या. त्यांनी बॅटरी धरून उजवा गाल ताणून पाहिला आणि पहिलाच प्रश्न केला, “मिसरी लावता?”

“व्हय,” विजयमाला म्हणाली. “कळायला लागल्यापास्नं.”

बिभीषण मागं उभा होता. त्याला खोलीतलं पुढचं बोलणं ऐकू आलं नाही. त्याच्या डोळ्यांसमोर ती काळी काच आली आणि तिच्यावरचे ठिपके. बायोप्सीचा कागद यायला आठ दिवस लागले, पण त्याला त्या खोलीतच कळलं होतं.

दिवाळीनंतर ऑपरेशन झालं. उजवा गाल आणि निम्मा जबडा काढावा लागला, छातीचं मांस वर घेऊन ती जागा भरली. महिनाभर नाकातून नळी. बिभीषण मोठ्या सिरिंजनं पेज आणि पातळ ताक सोडायचा. यंत्रं हाताळणारे त्याचे हात, नर्स म्हणायच्या की मामा, तुमच्यासारखं सावकाश कुणाला जमत नाही. अभिमन्यू येऊन-जाऊन असायचा. मग विजेचा शेक, म्हणजे रेडिएशन झालं, त्यानं मान काळी पडली.

विजयमालेचं बोलणं आता कुणाला कळेना. जीभ जड, ओठ एका बाजूला ओढलेला. शब्द निघायचे, पण ते फक्त बिभीषणला समजायचे. बघायला माणसं यायची, बायका पलंगाशी बसायच्या आणि विजयमाला काहीतरी म्हणायची. मग सगळ्या बिभीषणकडं बघायच्या आणि तो सांगायचा, पाणी मागतीया, उन्हं आलीत म्हणतीया, पोरगं जेवलं का विचारतीया.

आणि एक गोष्ट ती प्रत्येकाला सांगायची. तिला ते सांगावंसंच वाटायचं, त्यात तिला काहीतरी आधार होता. पाहुणा बसला, तब्येतीचं विचारून झालं, की ती हात हलवून बोलायला लागायची आणि मग बिभीषणकडं बघायची, की सांगा. तो भिंतीकडं बघून सांगायचा, “ती म्हनती, जानेवारीत कॉलेजात तपासलं हुतं. तवा निरोगी हुती. हे मागनं झालंय.”

ती मान हलवायची. माणसं हळहळायची, बघा कसं अचानक येतं म्हणायची. करकंबहून सोजरबाई आली होती तेव्हा तिलाही त्यानं हेच सांगितलं. किती वेळा सांगितलं त्याची गणती नाही. एकदोनदा दुपारच्या शांततेत, घरात कुणी नसताना, तो तिच्या उशाशी बसला आणि आता सांगून टाकावं असं त्याला वाटलं. अगं, तवा दिसलं हुतं. पण ती त्याच्याकडं बघून डाव्या बाजूनं जेवढं हसता येईल तेवढं हसली आणि त्याच्यानं झालं नाही. तिच्याजवळ तेवढीच एक समाधानाची गोष्ट उरली होती, ती काढून घेऊन तो काय देणार होता?

जूनमध्ये मानेत पुन्हा गाठ आली. डॉक्टरीणबाईंनी त्याला बाहेर बोलावून सांगितलं, की आता घरीच ठेवा, दुखणार नाही एवढं बघू. श्रावणातल्या एका सोमवारी सकाळी, शांतम्मा तिचे केस विंचरत असताना, विजयमाला गेली.

शिवलीला इस्पितळात दोनदा येऊन गेली होती, नंतर घरीही. पण दर वेळी ती दाराशीच बसायची आणि लवकर उठायची. तेरावा होऊन पंधरा दिवस झाल्यावर ती एका दुपारी आली. शांतम्मानं पाणी दिलं आणि ती गेली. मग शिवलीला म्हणाली, “मामा, मला तुम्हाला एक सांगायचंय. मी फार दिवस सांगितलं नाही.”

“अकरा नंबर,” बिभीषण म्हणाला.

शिवलीलानं हातातला पेला खाली ठेवला.

“मला ठावं हाय. डॉक्टरनं मिसरी इचारली तवाच कळलं.”

मग ती रडली. तिनं सांगितलं, की मामींना ॲडमिट केल्याचं कळलं त्याच दिवशी तिनं वही काढली होती. काच वाळली होती, पण कॉम्प्युटरवर फोटो होता. ती रोज उघडून बघत होती. दुसऱ्या कुणाच्या नमुन्याची ओळ अशी चमकली असती तर तिनं तीनदा तपासली असती. ओळखीचं माणूस, समोर हसून भाकरी देणारी बाई, म्हणून ती आजारी असेल असं मनातच आलं नाही. बिभीषणनं सगळं ऐकून घेतलं आणि फोटो बघायचाय म्हणाला.

कॉलेज सुटल्यावर दोघं प्रयोगशाळेत बसले. पडद्यावर फोटो आला. बिभीषणनं चष्मा पुसून लावला आणि जवळ सरकून पाहिलं. पेशी होत्या, कडेनं पिवळे-केशरी ठिपके होते. त्याची नजर मात्र पेशींच्या भोवतीच्या जागेत फिरत होती. वरच्या कोपऱ्यापासून खालच्या कोपऱ्यापर्यंत ती जागा काळीभोर होती.

“हे बघा मॅडम,” तो म्हणाला. “प्रकाश गळला असता तर हे सगळं पांढुरकं झालं असतं. हितं कुटंच पांढरं न्हाय. भिंग साफ हुतं. चकती बी बरोबर हुती.”

“पण तो काटा—”

“काटा हुता. त्यानं काय बी बिघडत न्हवतं. पस्तीस वर्सं हेच करतुया, मला एका नजरंत कळाया पायजे हुतं. मी काटा सापडला म्हनून खूश झालो.”

मग त्यानं तोच प्रश्न विचारला जो शिवलीलाला नको होता. तवाच कळलं असतं तर? ती म्हणू शकली असती, की मामा, हे अजून नुसतं संशोधन आहे, यावरून कुणी रोग ठरवत नाही. ते खोटं नव्हतं, आणि ती तेही म्हणाली. पण तेवढ्यावर थांबली नाही. “यावरून रोग ठरला नसता, पण डॉक्टरांकडं पाठवायला एवढं पुरे होतं,” ती म्हणाली. “तेव्हा लहान असणार. कदाचित तेवढाच तुकडा काढून भागलं असतं.”

बिभीषणनं मान डोलावली. त्यानं तिला एकच मागणं केलं, की अकरा नंबर कागदावर परत घ्या. शिवलीलाच्या सरांना ते पटलं नाही. प्रबंध जवळजवळ लिहून झाला होता, जुनी चूक उकरून गुंता कशाला, असं त्यांचं म्हणणं. पण ती अडून बसली आणि तिचे आणखी पाच महिने गेले. आता त्या प्रबंधात एका पानावर अकराव्या नमुन्याची हकिगत आहे. नाव नाही, फक्त वय आणि आकडा, आणि हा नमुना चुकून वगळला गेला होता हे सरळ वाक्य. प्रश्नांच्या कागदावरही तिनं मिसरीचा प्रश्न वेगळा घातला.

बिभीषणनं काम सोडलं नाही. सोडून घरात बसला असता तर काय केलं असतं? पण शिवलीलाच्या त्या मायक्रोस्कोपला त्यानं पुन्हा हात लावला नाही, आणि दुसऱ्या कुठल्या कॉलेजात आत काहीतरी वेगळं दिसतंय म्हणून बोलावलं, तर आता तो लगेच बॅग उघडत नाही. आधी काच तशीच ठेवायला सांगतो, काय दिसलं ते सविस्तर विचारतो, स्वतः बराच वेळ बघत बसतो. सर लोक घड्याळाकडं बघतात. त्याचं काम पूर्वीपेक्षा फार सावकाश झालंय, असं काही जण म्हणतात.

पुढच्या फेब्रुवारीत त्याला करकंबच्या शाळेत काम होतं. काम उरकून तो सोजरबाईकडं गेला. तिनं चहा केला. अंगणात खुर्ची टाकून तो बसला आणि तिला म्हणाला, की सोजर, एकदा सोलापूरला चल, तोंड तपासून घेऊ. तिनं पदर पुढं ओढून सांगितलं, की दाजी, मला कायबी न्हाय, आक्काचं नशीब तसं हुतं, मागनं आलं न्‌ घेऊन गेलं.

मागनं आलं, हे शब्द त्यानंच तिला दिले होते. बिभीषणनं कप खाली ठेवला आणि जे त्यानं अभिमन्यूलाही पुरतं सांगितलं नव्हतं ते सगळं तिला सांगितलं. प्रश्न, उत्तर, ठिपके, पत्र्याचा काटा. पुन्हा पाठवा म्हटलं होतं ते, आणि त्यानं पाठवलं नाही ते. आक्का सांगायची ते तो कसं भिंतीकडं बघून सांगायचा तेही.

सोजरबाई ऐकत राहिली. मग म्हणाली, “तुमी माझ्या तोंडावर सांगितलं हुतं, निरोगी हुती म्हनून. मी गावभर तेच सांगितलं.”

“व्हय.”

“आक्काला कळलं न्हाय?”

“न्हाय.”

ती उठून आत गेली आणि कवाड ओढून घेतलं. तो थोडा वेळ बसला, मग स्टँडवर आला.

दहा-बारा दिवसांनी सकाळी त्याचा फोन वाजला. सोजरबाई सोलापूरच्या स्टँडवर उतरली होती. इस्पितळ कुठं आहे एवढंच तिनं विचारलं. तो रिक्षा घेऊन गेला. रांगेत ती एक खुर्ची मध्ये सोडून बसली. त्याच डॉक्टरीणबाईंनी तपासलं. डाव्या गालाच्या आत नखाएवढा पांढरा डाग होता, त्याचा तुकडा काढून पाठवला. कागद आला तेव्हा त्यात कॅन्सर नव्हता, पण डाग त्या वाटेवर होता. मिसरी त्याच दिवशी बंद करा आणि दर तीन महिन्यांनी दाखवा, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं. मध्ये दोनदा तिनं लपून लावली आणि दोन्ही वेळा डॉक्टरीणबाईंपाशी कबूल केलं. आता चार महिने झाले, लावत नाही म्हणते.

दर तीन महिन्यांनी ती येते. बिभीषण स्टँडवर जातो, तिला घेऊन जातो, परत आणून सोडतो. लागेल तेवढंच ती बोलते. दाजी म्हणते, पण नजर दुसरीकडं. पूर्वी ती घरी आली की विजयमालेशी जे हसणं-बोलणं चालायचं, त्यातलं काही आता उरलं नाही आणि घरी चल असंही तो म्हणत नाही. करकंबची गाडी लागली की ती पिशवी घेऊन चढते, पलीकडच्या बाजूची खिडकी धरते. गाडी सुटेपर्यंत तो फलाटावर उभा राहतो.